पांगुळगाड्यावरचा फळा

नागावच्या काकूंचं आधी सांगते, मग बाकीचं. त्यांनी आपल्या घराची पडवी आम्हाला दिली नसती तर आम्ही नवराबायको चौकीच्या पत्र्याखाली राहिलो असतो. त्यांनी तांदळाची भाकरी थापायला शिकवली नसती तर ज्वारी ज्वारी करत मी उपाशी राहिले असते. आणि रोज दुपारी समोर बसवून त्यांनी माझं ऐकलं नसतं तर मी बहुतेक बोलायचंच विसरले असते. ऐकलं हा शब्द काकूंच्या बाबतीत तसा बरोबर नाही. पण मला तेव्हा तसंच वाटायचं, म्हणून तोच लिहिते.

मी वऱ्हाडातली. काळी माती, कपाशी, ज्वारी, आणि उन्हाळ्यात ओठ फोडणारा वारा. तिसरीत होते तेव्हा धाकटा भाऊ झाला. माय वावरात जायची, म्हणून भावाला सांभाळायला मी घरी राहिले, ती राहिलेच. पुढे लग्न झालं आणि ह्यांना कस्टमच्या चौकीवर शिपायाची नोकरी लागली, ती थेट समुद्राच्या काठाला. भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसलो आणि रेवसला उतरलो, तोवर माझ्या पोटात काही शिल्लक राहिलं नव्हतं. उतरल्यावरही कितीतरी दिवस जमीन हलते आहे असंच वाटायचं.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील तेव्हा. नागावात आलो तर सगळीकडे नारळ-सुपारीच्या वाड्या, वर बघितलं तर आभाळ झावळ्यांच्या फटीतून तुकड्यातुकड्याने दिसणार. आमच्याकडे आभाळ अख्खं असतं. इथे मिठाला पाणी सुटायचं, काडेपेटी पेटायची नाही, वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळपर्यंत दमटच. हे सायकलवर चौकीवर जायचे ते कधी दुसऱ्या दिवशी परत यायचे. मी पडवीत बसून सायकलच्या घंटीची वाट बघायची आणि मनात धाकधूक, आज कोणाशी काही बोलावं लागू नये.

बोलण्याचीच तर अडचण होती. आमच्या बोलण्यात ळ नाही. म्हणजे पुस्तकात आहे, तोंडात नाही. ळच्या जागी आम्ही य म्हणतो. शाळेला शाया, डोळ्याला डोया, केळ्याला केयं. गावी सगळेच तसं बोलतात, त्यामुळे आपण काही वेगळं बोलतो हे कोणाला कळतही नाही. आणि माझं नशीब असं की मी नारळाच्या गावात येऊन पडले. पहिल्याच आठवड्यात विहिरीवर विचारलं, "बाई, हा नारय कोणी फोडून देईन काय?"

बायकांनी घागरी खाली ठेवल्या. मग एकीने दुसरीला विचारलं, "काय गो म्हनते ती?"

"नारय म्हनते."

"नारय म्हंजे?"

"आपला नारल गो. दुसरं काय."

मग ज्या हसायला लागल्या त्या राहटाचा दोर हातातून सुटेपर्यंत हसल्या. वाईट मनाने नाही हसल्या, हे मला आज कळतं. त्यांच्यातल्या अर्ध्याजणींच्या तोंडातही ळ नव्हता, त्या नारल म्हणत होत्या. पण त्या दिवसापासून मी तोंड मिटलं. मान हलवायची, बोटाने दाखवायचं, घागर भरून निघायचं. पुढे एकदा पाठीमागून ऐकू आलं, "मुकी हाय काय गो ती?" मला ते बरंच वाटलं. मुकीला निदान कोणी काही विचारत नाही.

काकू हसल्या नाहीत. जेवणं आटोपली की त्या मागच्या अंगणात माडाच्या झावळीचे हीर काढत बसायच्या, खराट्यासाठी. मला समोर बसवायच्या. बाजूला नाही, समोर. आणि म्हणायच्या, "सांग गो बाय, तुझ्या गावात आता काय चाललं असेल?" त्या गावात कुठल्याही बाईला, पोरीला, सुनेला बाय म्हणतात. मायेने म्हणतात. मला ते आवडायचं.

मी सांगायची. आता कपाशी फुटली असेल, बाया ओटीत कापूस वेचत असतील. आता मायनं अंबाडीची भाजी केली असेल. आता पोया येईल, बैलांच्या शिंगांना रंग लागेल, बाशिंग लागेल. काकू हातातला हीर तसाच धरून माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. मध्येच विचारायच्या, "बाशिंग बैलाला? नवऱ्याला बांधतात तसं?" मग मी आणखी सांगायची. सांगता सांगता मला माझ्या घराचा चुलीजवळचा कोपरा दिसायचा, मायचं कपाळ दिसायचं. त्या परक्या गावात माझ्या तोंडाकडे इतकं टक लावून बघणारं दुसरं कोणी नव्हतं. मी ती माया समजत होते. ती माया होतीच. पण आणखी एक गोष्ट होती.

एकदा काकू चुलीपुढे माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होत्या आणि शेगडीवर दूध होतं. मी दारातून म्हटलं, "काकू, दूध उतू चाललं." त्या हलल्या नाहीत. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. दूध निखाऱ्यावर पडलं, चर्र झालं, तरी त्या सुपातला खडा शोधत होत्या. जळका वास आला तेव्हा चटकन वळल्या. मी दारात उभी, तोंड उघडं. आमची नजरानजर झाली, आणि मला जे कळलं ते त्यांनाही कळलं.

त्यांनी आधी दूध उतरवलं. मग म्हणाल्या, "बस."

दोन वर्षांपासून हळूहळू गेलं होतं. आता कोणी समोर नीट तोंड करून बोललं तरच कळायचं, ओठांवरून. पाठीमागचं काहीच नाही. घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही असं मी विचारलं तर काकू म्हणाल्या, "घरात हाय कोण? दोन मुलगे मुंबईला. आणि तुझे काका लग्न झाल्यापासून बोलतात कुठं? ते वाडीला पाण्याचं शिपणं करतात आणि जेवताना ताट पुढं सरकवतात. ते मला पहिल्यापासूनच समजतं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"माझ्या सासूला ऐकू येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी बघितलंय. बहिऱ्या माणसाशी कोनी बोलत न्हाय गो. सांगतात फक्त. जेवा. उठा. सरका. आधी तिला सगळ्या गावाच्या बातम्या ठाऊक असायच्या, आणि शेवटी तिला घरात पाहुणा कोण आलाय ते सुद्धा कोनी सांगायला थांबायचं न्हाय. मीच थांबले न्हाय. हाताला काम असायचं ना." मग म्हणाल्या, "तू कोनाला बोलू नकोस."

मी कोणाला बोलणार होते? मी तर मुकी.

आम्ही आलो त्याच्या थोडं आधीच गावात महिला मंडळ निघालं होतं. अध्यक्ष होत्या शाळेच्या हेडमास्तरांच्या पत्नी. त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत. शिकलेल्या, उंच, चष्मा, आणि बोलणं असं की प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातलेलं. दरवर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाचं नाटक व्हायचं, बायकांनी केलेलं, बायकांसाठी, भर दुपारी. नाटक मास्तरीणबाई स्वतः लिहायच्या. आणि सासू असली की ती काकू. सुरुवातीपासून काकूच. नाटक नसतं तेव्हाही लोक त्यांना वाटेत थांबवून म्हणायचे, काय सासूबाई, यंदा कोणाला छळणार? काकूंचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा व्हायचा. वर्षभर त्या तेवढ्यावर जगायच्या.

आम्हाला येऊन तीन वर्षं होत आली होती. त्या वर्षीच्या नाटकात सासू सुनेला बजावते की मुलगा झाला तर ठीक, मुलगी झाली तर कायमची माहेरी जा. शेवटी सुईण बाहेर येऊन मुलगा झाल्याचं सांगते, सासूचं मन वितळतं, पेढे वाटले जातात, पाळणा म्हणतात, संपलं. सुईण होती सुपारीच्या मोठ्या वाडीवाल्यांच्या घरची वहिनी. अंगाने भरलेली, आवाज खणखणीत, आणि सवय अशी की बोलायची काकूंशी आणि तोंड मात्र लोकांकडे.

तिथेच सगळं अडलं. काकूंना आपलं प्रत्येक वाक्य पाठ होतं. इतरांचीही होती. पण समोरचीचं कधी संपलं आणि आपण कधी बोलायचं, हे पाठमोरीच्या ओठांवरून कसं कळणार? तालमीत त्या दोनदा मधेच बोलल्या, एकदा बोलल्याच नाहीत. मास्तरीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "काकू, यंदा तुम्ही थोडा आराम करा. हळदीकुंकवाचं तबक तुमच्या हातात शोभेल."

मी कोपऱ्यात बसले होते. काकूंना ते वाक्य मास्तरीणबाईंच्या ओठांवरून वाचताना मी बघितलं. तबक या शब्दापाशी त्यांचा चेहरा उतरला. पण लगेच हसून म्हणाल्या, "अहो, वय झालं, विसरायला होतं. समोर दोन शब्द लिहिलेले दिसले तर निभावेल. ही आमची बाय हाय ना लिहायला."

घरी येताना मी विचारलं, "काकू, तुम्ही विसरता असं का सांगितलं? तुम्हाला तर सगळं पाठ आहे."

"विसराळू म्हातारी लोकांना चालते," काकू म्हणाल्या. "बहिरी न्हाय चालत."

असं ते काम माझ्याकडे आलं. मला रात्रभर झोप नाही. तिसरी शिकलेली बाई, आणि सगळ्या गावासमोर लिहायचं. पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. काकूंना ती भूमिका मिळाली नसती तर त्यांच्याशी बोलायला लोकांना काही कारणच उरलं नसतं, हे मला त्यांच्याइतकंच कळत होतं.

फळा शाळेतून मिळाला. एका बाजूने तुटलेला, अर्धाच. करवंटीचा कोळसा वाटून मी त्याला पुन्हा काळा केला. पण तो ठेवायचा कुठे? नाटक व्हायचं काकूंच्याच घरच्या उंच ओटीवर, बायका बसायच्या खाली अंगणात. एका जागी ठेवला तर काकू ओटीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या की दिसणार नाही. हातात धरून मी पळत सुटले तर लोक नाटक सोडून मलाच बघणार. काकूंनी बराच विचार केला आणि माळ्यावर चढून पांगुळगाडा काढला. त्यांच्या मुलांचा. तीन चाकं आणि उभी दांडी. त्या दांडीला काथ्याने फळा आडवा बांधला, ओटीच्या काठावर जेमतेम डोकावेल इतका. लिहिलेली बाजू ओटीकडे, पाठ लोकांकडे. मी गाड्यामागे, ओटीला लागून बसून, गुडघ्यांवर सरकत, काकू जिकडे जातील तिकडे तो ढकलायचा.

गाडा अंगणात आला तशा मंडळाच्या बायका माझ्या पोटाकडे बघायला लागल्या. वहिनी म्हणाली, "काय गो मुके, आमाला सांगितलंस बी न्हाय?" मी मान खाली घातली. काकूंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "माझ्यासाठी काढलाय. म्हातारपणी पुन्हा चालायला शिकते."

चाकं करकरायची. खोबरेल तेल घातलं तेव्हा गप्प झाली. अंगण दोनदा सारवून घोटलं. काकूंनी नियम घातला की समोरचीचे शेवटचे दोनच शब्द लिहायचे. "सगळं लिहीत बसलीस तर माझं उरलेलं आयुष्य तिथंच जाईल." मास्तरीणबाईंच्या संहितेवरून मी ते शब्द आधी कागदावर उतरवले, एकेक अक्षर बघून. जिथे ळ होता तिथे ळ काढला. ओला फडका एका हातात, खडू दुसऱ्या हातात, गुडघ्याखाली पोतं. पुसायचं, लिहायचं, ढकलायचं. काकूंची नजर फळ्यावर जायची आणि लगेच परत यायची, इतकी पटकन की कोणाला कळूही नये. तालमीत एकदाही अडलं नाही. मास्तरीणबाई म्हणाल्या, "छान. ही तुमची भाडेकरीण हुशार आहे हो." परक्या गावात माझ्याबद्दल कोणी असं पहिल्यांदा बोललं. मी ते ह्यांना दोनदा सांगितलं.

नाटकाच्या दिवशी अंगण भरलं. मांडवातून ऊन ठिपक्याठिपक्यांनी खाली पडलेलं. वाणाच्या सुगडांचा ढीग, गजऱ्यांचा वास, पोरांचा गोंधळ. मी खडू घट्ट धरून गाड्यामागे बसले. काकू ओटीवर आल्या आणि पहिल्याच वाक्याला हशा. मग सगळं सुरळीत चाललं. मी पुसत होते, लिहीत होते, सरकत होते. गाडा माझ्या हाताखाली अगदी गुणी जनावरासारखा चालला होता. मधेच मला वाटलं, माय इथे असती तर तिला दाखवलं असतं.

आणि वहिनी लवकर बाहेर आली.

तिच्या येण्याला अजून अख्खा प्रवेश बाकी होता. सुनेच्या कळा, शेजारणीची लगबग, काही झालंच नव्हतं. ती दार ढकलून आली, लोकांकडे तोंड केलं, आणि संहितेतलं सोडून स्वतःचंच बोलली, "सुटली हो बाई सुटली. बाळ सुखरूप."

काकू तिच्या पाठीमागे. त्यांची नजर फळ्यावर आली. फळ्यावर मागचेच शब्द. माझ्या कागदावर हे वाक्यच नव्हतं. मी फडका मारला आणि जे कानाला ऐकू आलं त्यातले शेवटचे दोन शब्द लिहून टाकले. ळ मला येत नव्हता असं नाही. पण घाईत हात तोंडाचं ऐकतो.

मी लिहिलं, बाय सुखरूप.

आमच्याकडे ते बाळच. काकूंच्या गावात बाय म्हणजे पोर, मुलगी.

काकूंनी वाचलं, आणि थांबल्या. मला वाटलं ओळखलं त्यांनी. नव्हतं ओळखलं. त्यांना वाटलं वहिनीने गोंधळात मुलाची मुलगी केली, आणि आता जे झालं ते झालं, नाटक पुढे न्यायला हवं. त्या सावकाश पाटावर बसल्या. सासूने बजावलेलं सगळ्यांना ठाऊक होतं, मुलगी झाली तर माहेरी.

"मुलगी," काकू म्हणाल्या. "मुलगी झाली म्हन."

डोक्यावरचा पदर नीट केला. मग संहितेत कुठेच नसलेलं बोलल्या. "मला दोन झाले. दोन्ही मुलगे. दोघं मोठे झाले आणि मुंबईला गेले. मुलगी असती तर लांब दिली असती, पण सणाला आली असती. दारात उभी राहून हाक मारली असती." मग आतल्या दाराकडे बघून म्हणाल्या, "हिला कोन माहेरी धाडतंय ते बघते मी. जाईल ती. बाळंतपणाची जाईल, मायचं प्रेम घेऊन येईल. आणायला मी जाईन."

मी खाली गाड्यामागे. मला समोरचं दिसेनासं झालं होतं.

वहिनीला एवढंच कळलं की नाटक बिघडलंय. ती काकूंकडे वळली आणि सुधारायला तोंड उघडलं, "अहो काकू, मुलगा..." काकूंना तोंड उघडलेलं दिसलं. ती काय म्हणते ते वाचण्याआधीच त्यांनी तबकातला पेढा उचलून तिच्या तोंडात कोंबला. "घे. मुलीचा पेढा खाल्लास तर तोंड वाकडं न्हाय होत." अंगणात असा हशा झाला की मांडवाची पानं हलली असतील. वहिनीला तो चावल्याशिवाय बोलता येईना. आत मुलींना काय करावं कळेना, त्यांनी पाळणा सुरू केला. पुढे बसलेली एक म्हातारी डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "बरं केलंन. तसंच करायला पायजे होतं."

नाटक संपलं. लोकांना चूक कळलीच नव्हती. कळली होती फक्त मंडळाला.

माजघरात सगळ्या जमल्या. मास्तरीणबाईंचा चष्मा हातात. "काकू, मुलगा होता. आपण इतकी तालीम केली."

"मी तर बाळ म्हटलं," वहिनी म्हणाली. पेढा अजून गालात होता. "चांगलं नाटकातला ळ लावून, खणखणीत म्हटलं. शेवटच्या रांगेत गेलं. ह्यांना दोन हातांवर ऐकू आलं न्हाय?" आणि मग तिने काकूंकडे नीट बघितलं. "काकू, तुम्हाला ऐकू येतं ना?"

तीनचार जणी एकदम बोलत होत्या. काकूंची नजर एकीच्या तोंडावरून दुसरीच्या तोंडावर, दुसरीच्या तोंडावरून तिसरीच्या. कोणाचंच पुरतं हाती लागत नव्हतं. चेहऱ्यावर हसू तसंच ठेवलेलं. ते हसू मी ओळखत होते. विहिरीवर माझं तेच असायचं.

मी अंगणात गेले, गाडा तसाच उचलला आणि माजघरात आणून मधोमध ठेवला. शब्द अजून होते.

"मी लिहिलं," मी म्हटलं. "काकूंनी बरोबर वाचलं. आमच्याकडं बायाले बाय म्हणतात."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मुकी बोलली म्हणून.

"काय म्हनतात?"

"बाळ नाही म्हणता येत. ळ नाही आमच्याकडं. बाय."

वहिनीने फळा वाचला, मला बघितलं, पुन्हा फळा वाचला. तिच्या पोटातून हसू वर येताना दिसलं. "मंग शालेला काय म्हनतेस?"

"शाया."

"पोलीला?"

"पोयी."

"काल्या मांजराला?"

"कायी मांजर."

मी सांगत गेले. त्यांनी न विचारलेलंही सांगितलं. डोया, केयं, वेय, जवय, आंघोय. जितका वेळ त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या तितका वेळ काकूंच्या कानाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, "अन् नारय," तर विहिरीवरच्या एकीला ठसका लागला. तीन वर्षं मी ज्या हसण्याला भ्यायले ते सगळं एकदम अंगावर आलं, आणि मला काही झालं नाही. वहिनी डोळे पुसत म्हणाली, "आनी आमी म्हनतो शाला, पोली, काला. म्हंजे एवढ्या गावात ळवाल्या एकट्या मास्तरीणबाई." मास्तरीणबाईंनी चष्मा लावला, गंभीर व्हायचा प्रयत्न केला, आणि त्याही हसल्या. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी संहिता मुलीचीच लिहू. आणि सासू काकूच. मात्र फळ्यावर ळ मी तपासणार."

बायका गेल्यावर काकूंनी मला समोर बसवलं. "सांग. काय बोलल्या सगळ्या? मला एकीचं न्हाय कळलं."

मी पहिल्यापासून सांगितलं, सावकाश. त्या मधेच थांबवून म्हणाल्या, "म्हंजे मुलगा झाला होता?"

"हो."

त्या किती तरी वेळ हसत राहिल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "तू बोललीस सगळ्यांसमोर."

"हो."

"मला दिसलं." एवढंच म्हणाल्या आणि पेढ्यांचं तबक माझ्याकडे सरकवलं.

त्यानंतर विहिरीवर मला कोणी मुकी म्हटलं नाही. मी गेले की कोणीतरी विचारायचं, तुझ्याकडं ह्याला काय म्हनतात गो? मी सांगायची. चेष्टा व्हायची, पण चेष्टेत बोलणं व्हायचं, आणि बोलण्यात माझे दिवस जाऊ लागले. काकूंनी आणखी दोन वर्षं सासू केली. गाडा मीच ढकलला. मग ह्यांची बदली झाली.

आता आम्ही न्हाव्याला आहोत, खाडीच्या काठी. नागाव फार लांब नाही, पण दोन खाड्या आणि घरातली लहान पोरं मधे आहेत. गेल्या महिन्यात वहिनी कोणाच्या तरी लग्नाला उरणला आली होती, ती वाट वाकडी करून भेटायला आली. मी आधी काकूंचं विचारलं. म्हणाली, "त्यांचं आता पार गेलं गो. नजर पण कमी झाली, ओठ दिसत न्हाईत. सगल्यांना समजलंय. नाटकात दुसरी सासू असते." मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "पण आमी कालजी घेतो हां. सगलं सांगतो त्यांना, हात धरून. जेवायला बसवतो, उठवतो."

तिचं मन चांगलं आहे. मी तिला चहा दिला. ती गेल्यावर मात्र काकूंची सासू आठवली आणि मला घरात बसवेना, खाडीवर जाऊन उभी राहिले. माझ्या गावाची आठवण मला रोजच येते, पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला दोन गावांची आठवण एकदम आली.

माझ्या मायचं एक आहे. तिला कोणाशी बोलायचं असलं की ती त्या माणसाचे दोन्ही हात आपल्या हातात घेते, तोंड इतकं जवळ नेते की श्वास लागावा, आणि उत्तर मिळेपर्यंत सोडत नाही. समोरच्याला ऐकू येतं की नाही, दिसतं की नाही, याने तिला काही फरक पडत नाही. गावात एक ठार बहिरी म्हातारी होती, तिच्याशी माय तासन् तास गप्पा मारायची, आणि दोघींनाही त्या समजायच्या. काकूंना मी मायकडे नेणार आहे. पोरं जरा मोठी होऊ देत, ह्यांना रजा मिळू दे. बोट लागेल, आगगाडीचा प्रवास लांबचा आहे, मला भीती वाटते, काकूंना झेपेल की नाही याचीही वाटते. तरी नेणार. काकांना मी विचारीन, मुलांना मुंबईत गाठून विचारीन. आमच्या ओसरीवर माय आणि काकू समोरासमोर बसतील, आणि माय बोलेल. काकूंनी माझ्यासाठी जे केलं त्याची फेड मी एवढीच करू शकते, आणि ती मी करीन.